मीनलच्या मुंडावळ्या

मतदानाला निघताना यशवंतरावांनी कोटाच्या आतल्या खिशात भाचीचा फोटो ठेवला.

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधल्या त्या शाळेच्या वर्गात त्यांनी आजवर पुष्कळ वेळा मत दिलं होतं. पण या रविवारी हेसेन राज्याच्या निवडणुकीबरोबर आणखी एक लांबलचक कागद हातात पडला. राज्यघटनेत सुचवलेले बदल त्यावर ओळीनं छापले होते, आणि त्यातला एक होता फाशीची शिक्षा घटनेतून काढून टाकण्याचा. देशात फाशी बंद होऊन जमाना लोटला होता. राज्याच्या घटनेत मात्र ते कलम तसंच पडून राहिलं होतं.

"बाबा, ते मेलेलं कलम आहे," ओजस फोनवर म्हणाला होता.

"मेलेलं तर मेलेलं. राहू दे की."

आडोशामागे उभं राहून यशवंतरावांनी बाकी सगळ्याला 'हो' म्हटलं, आणि त्या एका ओळीपुढे 'नाही'वर पेन दाबून फुली मारली. "शोभनासाठी," ते पुटपुटले आणि खिशावर हात ठेवला.

शोभना ही त्यांची धाकटी बहीण. दसऱ्याच्या आधी नाशिकहून त्यांच्याकडे राहायला आली होती. नऊ वर्षांपूर्वी तिच्या मीनलचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना, मीनलनं ज्याला नकार दिला होता अशा एकानं तिचा जीव घेतला. खालच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली, वरच्या कोर्टानं जन्मठेप केली. त्या दिवशी यशवंतराव फोनवर ढसाढसा रडले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना ते एकच मागणं मागत: माझ्या बहिणीला न्याय मिळू दे.

ओजस त्यांचा एकुलता मुलगा. न्युरेम्बर्गला नोकरी करायचा, टोबियासबरोबर राहायचा. आदल्या वर्षी संसदेत मतदान होऊन पुरुषाचं पुरुषाशी लग्न कायद्यात बसलं, तेव्हा त्यानं आधी वडिलांनाच फोन केला होता. "बाबा, आता आमचंही लागेल!" यशवंतराव "बरं" म्हणाले आणि फोन बायकोच्या, सुलेखाबाईंच्या हातात दिला. आता येत्या शुक्रवारी ते लग्न होतं, तिकडच्याच श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे विवाह नोंदणीच्या कचेरीत. वडील येणार की नाही, एवढंच ओजसला हवं होतं. आणि यशवंतरावांनी बहिणीला सांगितलं होतं, टोबियास म्हणजे ओजसचा रूम पार्टनर.

त्याच रविवारी दुपारी चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये मराठी मंडळाचं कीर्तन होतं. श्रीपादबुवा आठवडाभर गेर्लिंगेनला इंजिनियर आणि रविवारी बुवा. अंगरखा, पगडी, उपरणं घालून ते उभे राहिले, झांज खणखणली, आणि बाहेरचा ऑक्टोबरचा गारठा यशवंतरावांच्या अंगावरून उतरून गेला. कीर्तन म्हणजे त्यांचा प्राण. तबल्यावर ओजस होता. लहानपणी जर्मनमध्ये उत्तरं देणारा हा मुलगा ठेक्याच्या बाबतीत मात्र अस्सल मराठी निघाला होता.

पूर्वरंगात बुवा रंगले. "मंडळी, आजारी माणसासाठी आपण नवस बोलतो. छान! पण त्याच्या उशाशी बसून कधी विचारलंत, बाबा रे, तुला काय हवंय? छे! आपण परस्पर देवाशी बोलणी करून मोकळे. आणि तो बिचारा पाणी मागतोय!"

हॉल हसला. "गेनाऊ! अगदी बरोबर!" मागून कुणीतरी म्हणालं. यशवंतरावही हसले.

पूर्वरंग संपला. बुवांना हार घातला, आणि रिवाजाप्रमाणे बुक्क्याची डबी मंडळातल्या ज्येष्ठाकडे, म्हणजे यशवंतरावांकडे आली. बुक्का लावताना समोरच्याला पारखायचं नसतं. जो कीर्तनाला बसला, त्याचं कपाळ आपलं. हे त्यांनीच नव्या मुलांना शिकवलं होतं. ते रांगेनं लावत गेले. शोभनाला लावला. तिच्या शेजारी टोबियास होता, लांब पाय कसेबसे दुमडून बसलेला. इतरांचं पाहून त्यानं डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

यशवंतराव पुढच्या रांगेकडे वळले.

टोबियासनं डोळे उघडले, तेव्हा समोर कुणी नव्हतं. शोभनानं आपल्या कपाळावरचा बुक्का बोटावर घेतला आणि त्याच्या भुवयांमध्ये टेकवला. "माझ्यातला घे रे," ती मराठीतच म्हणाली. तबल्यापाशी बसलेल्या ओजसनं ते सगळं पाहिलं. उत्तररंगात त्याचा हात दोनदा चुकला.

निघताना त्यानं तबला पिशवीत घातला. "शुक्रवारी अकरा वाजता. याल?"

"आत्या आहे घरात. तिच्यादेखत कसं... आल्झो, म्हणजे... बघू."

"जा, बघा," ओजस म्हणाला आणि गाडीकडे गेला.

सोमवारी संध्याकाळी टीव्हीवर त्या लांबलचक कागदाचा निकाल आला. सहातल्या पाच जणांनी फाशी पुसून टाकली होती. यशवंतरावांनी रिमोट सोफ्यावर आपटला.

"सहातले पाच! यांच्या घरातलं कुणी गेलं असतं ना, म्हणजे कळलं असतं."

"माझ्या घरातलं गेलं की, दादा," शोभना म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर 'नाही' म्हणून आलो मी! मीनलचा फोटो खिशात घेऊन."

"मला विचारून गेला होतास?"

सुलेखाबाई भाजी निवडायच्या थांबल्या.

"तू त्या दिवशी फोनवर रडलास," शोभना म्हणाली, "आणि मी तिकडे नाशिकला कितीतरी दिवसांनी शांत झोपले. मीनलला आठवावं तर आधी तो दोर दिसायचा, दादा. तिचं हसणं, तिची पोळी करपवायची खोड, सगळं त्या दोराच्या मागे. फाशी रद्द झाली आणि माझी मुलगी मला दिसायला लागली. त्याला माफ केलं असं नको समजूस, ते काही जमलेलं नाही मला. पण एवढी वर्षं तूच बोलत होतास. मी काय बोलणार?"

यशवंतरावांना बुवांच्या गोष्टीतला तो पाणी मागणारा माणूस आठवला. देवासमोरचे इतके दिवे त्यांनी कुणासाठी लावले होते?

शोभना आतून एक प्लास्टिकचा डबा घेऊन आली. त्यात कापसावर मोत्यांच्या दोन मुंडावळ्या होत्या, दिसायला अगदी एकसारख्या. मुंडावळ्यांत नवऱ्याची कुठली आणि नवरीची कुठली, हे नुसतं बघून कधीच सांगता येत नाही.

"मीनलसाठी ओवल्या होत्या. तिच्या आणि त्या मुलाच्या. ओजसनं उन्हाळ्यातच मला सगळं सांगितलं. म्हणाला, आत्या, बाबा तुला सांगायचे नाहीत. म्हणून घेऊनच आले."

"तुला... काही वाटलं नाही?"

"वाटलं की. दोन दिवस नीट जेवले नाही. मग मनात आलं, या घरात एकाचं तरी लग्न लागतंय."

"अहो," सुलेखाबाई हळूच म्हणाल्या, "माझी साडी इस्त्री करून ठेवलीय. तुमचं काय ते तुम्ही ठरवा."

यशवंतराव डब्यावर वाकले. मग त्यांनी एक मुंडावळी हातात घेतली आणि आपल्याच कपाळाला लावून पाहिली. मागे गाठ बसेना. म्हणजे ही मीनलचीच, तिच्या बेतानं कापलेला दोरा, त्यात पुरुषाचं डोकं कसं मावणार! त्यांनी चष्मा पुसला आणि ओजसला फोन लावला. पलीकडून "हॅलो, बाबा?" ऐकू आलं.

"ओजस," ते म्हणाले, "टेप आहे का घरात? टोबियासच्या डोक्याचा घेर मोजून सांग बघू. मला दोरा वाढवायचाय."