मासळीवाल्यांचा पीटर

त्या फळीनं वाउटर चित्रकाराचं डोकं पार उठवलं होतं. अँटवर्पच्या समुद्री मासळीवाल्यांच्या संघाला चर्चमधल्या आपल्या वेदीवर भलंथोरलं चित्र हवं होतं: येशूच्या चमत्कारानं भरलेलं जाळं संत पीटर ओढतोय. आधी तेलरंगात छोटा नमुना दाखवायचा, तो पसंत पडला की मगच मोठ्या चित्राला हात घालायचा. वाउटरनं ओकच्या हातभर फळीवर एका बैठकीत नमुना उतरवला. पीटर म्हणून समोर बसवलं आपल्या म्हाताऱ्या बापाला. जन्मभर होडी हाकलेला माणूस, चेहऱ्यावरचा थकवा आयताच मिळाला. बापाला वेदीवर बघायचं, एवढी एकच हौस होती वाउटरला.

संघाचा पुढारी खोसेन फळीवर वाकला. "मास्तर, हे मासे कुठले?"

"गॅलिलीच्या तळ्यातले."

"म्हणजे गोड्या पाण्यातले! त्या नदीच्या मासळीवाल्यांचा माल आमच्या वेदीवर? समुद्रातला कॉड रंगवा, हेरिंग रंगवा."

"अहो, तळ्यात कॉड कुठून येणार?"

"चमत्कारच आहे ना? मग होऊ द्या की! आणि हा पीटर असा मरगळलेला का? जरा रुबाब येऊ द्या."

वाउटर चरफडत घरी आला. नवी फळी कोण तासत बसतो? त्याच फळीवर त्यानं रंग चढवला. माशांवर मासे, बापावर रुबाबदार पीटर. मोठ्या चित्राच्या वेळी म्हाताऱ्याला पुन्हा बसवू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. मग कॉडची शेपटीच चुकली, मग जाळ्याची वीणच चुकली. पुन्हा रंग, पुन्हा रंग! या भानगडीत हिवाळा आला आणि म्हातारा गेला.

वसंतात खोसेन एकदाचा खूश झाला. "मासे अगदी फक्कड! पीटर तेवढा पहिलाच ठेवा, मास्तर. आमच्या बायका त्याचंच नाव काढतात. दमलेला, आपल्यातला वाटायचा."

वाउटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यानं सुरी घेतली आणि पीटरच्या तोंडावरचा रंग खरवडू लागला.

"अहो, जपून," बायको लाइस्बेट म्हणाली.

एक खपली सुटली. खाली बापाचा डोळा दिसला. आणखी थोडं, म्हणून त्यानं सुरी सरकवली, तर डोळाच सुरीबरोबर निघून आला. खाली कोरं लाकूड होतं.

"आता हो?" लाइस्बेटनं विचारलं.

"आता काय, माझं डोंबल!" फळीवर डोकं टेकून वाउटर ढसाढसा रडायला लागला. "बाप गेला गं, आणि तळ्यातला कॉड तेवढा राहिला."