पूर्वेचा बाण

सेलूच्या कॉम्प्युटर क्लासात वर्षभर शिकून मी एक खेळ लिहिला. काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं. पण त्यात अख्खं गाव होतं. बाणांची बटणं दाबत खेळणाऱ्यानं हवं तिकडं जावं, हवं ते करावं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं त्याच आठवड्यात, क्लासचे मालक किशनराव खेळायला बसले. खेळातल्या हापशावर बायनाबाई नावाची बाई पाणी भरत होती. पडद्यानं विचारलं, थांबता की तिची घागर लाथाडता?

"खेळच तर हाय," म्हणत त्यांनी लाथाडली.

खेळात पुढं ते सरपंच झाले, जिनिंग काढली. पण बायनाबाईच्या गल्लीतलं कुणीच कापूस उतरवायला येईना. गाड्या पावसात उभ्या राहिल्या.

"एवढ्याशा घागरीपायी?" ते खेकसले. "काढून टाक ते."

"न्हाई काढणार, सर."

"मग माफी तरी ठेवायची!"

"ठेवलीय. तिच्या घरी जाऊन मागावी लागते."

"सगळं गाव पालथं घातलं मी. तिचं घर कुठंच न्हाई."

"हापशाच्या पूर्वेला हाय, पहिल्यापासून. तुमी तिथं तो बाण एकदाबी दाबला न्हाई."

त्यांचं बोट बटणावर गेलं नाही. ते दाराकडं गेलं. "नीघ. उद्यापासून यायचं न्हाई."

मी फ्लॉपी काढून पिशवीत टाकली.

"खेळात जमंना तर पायी या, सर. भीमनगरात कुणालाबी विचारा. बायनाबाई माझी आई हाय."