वना भगताचं पिवळं पाणी

रविवारी सकाळी वना भगताच्या ओट्यासमोर शंभरेक माणसं बसलेली असत. शिंदखेड्याहून, दोंडाईच्याहून, कुणी थेट धुळ्याहून एसटीने आलेली. डोळे पिवळे, तोंड उतरलेलं, हातात नारळ. भगत रोग्याच्या तळव्यांना कसला तरी ओला पाला चोळायचा, ओठ हलवायचा, मग पितळी परातीत हात धरायला लावून वरून तांब्याने पाणी सोडायचा. स्वच्छ, नितळ पाणी. हातांवरून परातीत पडेपर्यंत ते हळदीसारखं पिवळं झालेलं असे.

"दखा," भगत परात तिरकी करून सगळ्यांना दाखवायचा. "हाई आंगमा व्हतं. आते परातमा शे. रगतनी कावीय हाडना मागे दबी बसस, मंत्रले घाबरस आन् बोटेसमाईन पयस."

बोटांतून पळणारी कावीळ! पण हसणारं तिथे कुणी नव्हतं. सत्त्याऐंशी साली त्या गावात मला अकरा वर्षं झाली होती, आणि मीही हसायची थांबले होते. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत असे. सुरुवातीची काही वर्षं मी ओट्यासमोर उभी राहून भांडले. लोक म्हणायचे, "बाई, तुम्हनं पुस्तक खरं, पन पानी बी खरं शे ना?" मग मी सरपंचांना अर्ज दिला, तो कुठे गेला कळलं नाही. पुढे रविवारी मी कपडे धुवायला काढायचे आणि दार लोटून घ्यायचे.

त्या रविवारी मात्र रांगेत बेबाबाई दिसली. लोटनची बायको, वीस-एकवीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. सासू धुरपदाबाईने तिला दंडाला धरून आणलं होतं. बेबाबाईचं पाणी इतकं गडद निघालं की बायकांनी पदर तोंडाला लावले. भगत म्हणाला, "तीन येरा धुवनं पडी. तिसरा खेपले पानी साफ येई, तव्हय समजा उतरनी."

मी लोटनला गाठलं. "तिला धुळ्याला ने. पोटुशीची कावीळ साधी नसते."

"मायले इचारस," तो म्हणाला आणि गेला.

माझा एक जुना रिवाज होता. दर शनिवारी शाळा सुटताना मुलांना घरी करून बघायला एक प्रयोग द्यायचा. त्याला काही विकत आणावं लागू नये, एवढीच अट. लिंबाच्या रसाने कागदावर लिहा आणि कागद दिव्यावर शेकवा. हळदीच्या कागदावर साबणाचं बोट लावा. चाळीस मुलांतली पाच-सहा करायची. त्या शनिवारी चुन्याची निवळी दिली होती: पानाचा चुना पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी बाटलीत घ्या, पपईच्या देठाने त्यात फुंका, पाणी दुधासारखं होईल.

सोमवारी सातवीतली आबेदा बाटली घेऊन आली. तिचे वडील नूर महंमद पिंजारी, घर भगताच्या ओट्यासमोरच. ती म्हणाली, "बाई, मी बाटली उघडी ठेवली तर सकाळी पाण्यावर पांढरी साय आली."

"येणारच. हवेतही तोच वायू असतो, आपण फुंकतो त्यातला."

ती बाटलीकडे बघत म्हणाली, "भगतबाबाच्या तांब्यातल्या पाण्यावर पण तशीच साय येते. मी रोज बघते. विहिरीच्या पाण्यावर येत नाही."

मी हातातला खडू खाली ठेवला. अकरा वर्षं मी मंत्राशी भांडत होते. तांब्यात काय आहे ते बघायचं मला सुचलं नव्हतं.

पाणी चुन्याचं असेल, तर रंग हातांना चोळलेल्या पाल्यातून येत असणार. पण पाला कशाच्या रसात भिजवलेला? आबेदा म्हणाली, त्याच्या परसातल्या आंब्याचं खोड एका बाजूने सोललेलं असतं. मंगळवारी आम्ही शाळेच्या पडवीत वाट्या मांडल्या. बाभळीच्या सालीचं पाणी निवळीत तांबूस झालं, निंबाचं मळकट. आंब्याच्या आतल्या सालीचा रस टाकला आणि वाटी पिवळीधमक झाली. आबेदाने रस हाताला चोळून वाळवला. हात कोरडा दिसत होता. वरून निवळी सोडली आणि तिच्या बोटांतून भगताची कावीळ वाहू लागली.

मला वाटलं, झालं. आता फक्त दाखवायचं.

बुधवारी, धुण्याच्या दुसऱ्या दिवशी, मी स्वतः रांगेत बसले. भगताने माझे डोळे बघितले, मान हलवली, पाला चोळला. माझंही पाणी पिवळं झालं. मी उठून सगळ्यांना म्हणाले, "मला कावीळ नाही. कालच शिंदखेड्याच्या डॉक्टरांकडून तपासून आले आहे. तरी पाणी पिवळं कसं?"

मग मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "दबेल व्हती बाई. डाक्टरले ना दिसनी, बाबाले दिसनी. बरं व्हयनं, येळवर उनात तुम्ही."

माझ्या पुढे-मागे बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. एकीने मला नारळ फोडायला दिला. त्याच बैठकीत बेबाबाईचं पाणी फिकट निघालं. पाला कमी चोळला होता, मी बघितलं होतं. पण ते कुणाला सांगणार?

रविवारी तिचं पाणी साफ आलं. गूळ वाटला गेला. सोमवारी दुपारी आबेदा शाळेतून घरी गेली आणि धावत परत आली. "शेजारची बेबाभाभी पेटत्या चुलीत पाणी ओततेय. मी हाक मारली तर मला ओळखलं नाही."

आम्ही गेलो. बेबाबाई भिंतीला टेकून झोपेत बोलत होती. मी तिच्या पापण्या उघडल्या. आत गडद पिवळं.

"थकेल शे," धुरपदाबाई म्हणाली. "कावीय ते उतरी गयी. पानी साफ उनं."

"अक्का, पाणी साफ आलं, मग डोळे का नाही?"

मी भांडले नाही. आबेदाला सालीच्या रसाची वाटी आणि निवळीची बाटली आणायला सांगितली. म्हणाले, "अक्का, तुमचे हात द्या."

"माले काही व्हयेल नही."

"म्हणूनच द्या."

तिने हात पुढे केले. आबेदाने सालीचा रस चोळला, ओढणीने वारा घालून वाळवला. बाटलीतली निवळी तांब्यात घेऊन मी तो तांब्या म्हातारीच्याच हातात दिला. "एका हाताने तुम्हीच सोडा दुसऱ्यावर. मी मंत्र म्हणत नाही, ही पोरही म्हणत नाही."

पिवळं पाणी ताटलीत साचलं. धुरपदाबाईने ते बोटाने ढवळलं. दुसरा हात धुतला. पुन्हा पिवळं. मग तिने न चोळलेलं मनगट धुतलं. पाणी जसंच्या तसं राहिलं. हे मनगट तिला मी सुचवलं नव्हतं. ती पाटीवर अक्षर न काढलेली बाई, पण त्या क्षणी माझ्यापेक्षा बरी वैज्ञानिक होती.

"म्हंजे मन्ही सूननं काहीच निंघनं नही," ती हळू म्हणाली. मग दारात उभ्या लोटनकडे वळली. "एसटी कितला वाजता शे?"

दोनची एसटी मिळाली. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बेबाबाई सव्वीस दिवस होती. ती वाचली. मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं. तो आठवडा कुठे गेला, हे मला माहीत होतं. त्यातले सहा दिवस तर मला सगळं कळल्यानंतरचे होते. आधी गावाला पटवू, असं मी म्हणत बसले. एका सासूला पटवायला हवं होतं.

पुढे वना भगत मला पाणवठ्यावर भेटला. चिडला नाही. म्हणाला, "बाई, सालना रंग शे, माले बी म्हाईत शे. मन्हा बापनी शिकाडं. पन लोके बरा व्हतस ना?"

होतात. तेच त्याचं भांडवल. बहुतेक कावीळ आराम, हलकं अन्न आणि उकळलेलं पाणी मिळालं की आपोआप उतरते. शंभरातले नव्वदांहून जास्त भगताविना बरे झाले असते. उरलेल्यांची माणसं ओट्यावर सांगायला परत येत नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी रांग पुन्हा लागली. थोडी लहान होती, असं आबेदा म्हणाली. मला तसं दिसलं नाही. धुरपदाबाई मात्र रांगेच्या तोंडाशी जाऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणू लागली, "पहिले तुन्हा घरना धडधाकट मानूसना हात धोई दख." काही जणी थांबल्या. बऱ्याच पुढे गेल्या.

मला आता मोठी भाषणं होत नाहीत. एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी भांडू नका, माझ्यावर विश्वासही ठेवू नका. जो आजारी नाही, त्याच्यावर तेच करून बघा. चुना, साल, वाटी, सगळं घरातच सापडेल. आणि डोळे पिवळे दिसले, तर प्रयोग नंतर करा. आधी एसटी पकडा.