उन्हात वाळवायचं

चतुराबाईंनी वर्गाच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, दाराला कडी घातली आणि सातवीच्या अकरा मुलींसमोर उभ्या राहिल्या. सेलूच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी शिकवलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. पाळी म्हणजे आजार नाही, पाप नाही. फडकी साबणानं धुवायची, उन्हात वाळवायची, ओली तशीच कडब्याखाली दडपायची नाहीत. दुखलंखुपलं तर लाजायचं नाही, सांगायचं.

मुलींच्या माना खाली. धनगरवाड्यातल्या भिवरानं तेवढी वर काढली.

"पन बाई, कुपाटीवर वाळू घातलं अन् बापाची नजर पडली तर? पाप लागतंय म्हनती आई."

बाईंनी दाराची कडी काढली आणि तास संपवला.

दुसऱ्या दिवशी वर्गात तीनच मुली आल्या. भिवराही नव्हती.

हेडमास्तर दिनकररावांनी बोलावून घेतलं. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली होती, पण गावातल्या चार शहाण्यांपुढं त्यांची मान अजून आपोआप लवायची.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई. तुम्ही ती भर वर्गात उघडलीत. सोमवारपर्यंत मुली आल्या नाहीत, तर मुलींचा वर्ग बंद करावा लागेल. आणि भिवराचा बाप, येडबा, तुम्हाला विचारत आला होता. सांभाळून राहा."

किती खटपटीनं मुली जमवल्या होत्या बाईंनी! येडबाची वाट कसली बघायची, असं म्हणून त्या दुपारी स्वतःच धनगरवाड्यावर गेल्या.

येडबा अंगणात चातीवर लोकर कातत बसला होता, कुपाटीकडं पाठ करून. चाहूल लागली तरी तो वळला नाही.

"बाई हायत का? अशा म्होरून या. मला तिकडं तोंड करता येत न्हाई, वाळंस्तवर."

बाईंनी कुपाटीकडं पाहिलं. बाभळीच्या काट्यांच्या त्या कुंपणावर, भर उन्हात, चार फडकी पसरली होती. दारात भिवरा उभी होती.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सोमवारी भिवरा येईल," येडबा म्हणाला. "वाड्यातल्या बाकीच्या पोरीईला बी धाडतो. मी बोललोय समद्यांशी."

"लोक नावं ठेवतील तुम्हाला."

"ठिवू द्या." चाती फिरत होती. "थोरली केवळा बी तुमच्याच वर्गात व्हती नव्हं? दोन साल झाले तिला जाऊन. पोटात दुखायलंय म्हनायची, कुठं ते सांगंना. ताप चढला, तिसऱ्या दिशी गेली. कडब्याखाली वली फडकी घावली, मागून."

केवळा खिडकीपाशी बसायची. नर्सबाईंनी तेव्हाही बाईंना हे सगळं शिकवलं होतं. मुलींना ते सांगायची बाईंनाच लाज वाटली होती, आणि त्या तासाला त्यांनी मुलींकडून रुमालावर वेलबुट्टी काढून घेतली होती.

"मी इचारायलाच आल्तो शाळंत," येडबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तिला बी सांगितलं व्हतं का हे तुमी?"

हो म्हणता आलं असतं. दारातून भिवरा बघत होती.

"नाही," चतुराबाई म्हणाल्या. "तिला नाही सांगितलं."

येडबानं मान हलवली आणि चाती पुन्हा फिरवली. त्याच्या हातात आता लोकर नव्हती; चाती नुसतीच फिरत होती.