वढतंय कोण

“थांबतच न्हाय म्हणं,” इरम्मा म्हणाली. “दिस न्हाय, रात न्हाय. येतंय आन् जातंय.”

बोलताना तिचा हातही येत-जात होता. हातात कचेरीच्या पंख्याची दोरी होती. भिंतीच्या भोकातून ती आत जाई, आणि आत तहसीलदारसाहेबांच्या डोक्यावर झालरीचा लांब पंखा डुलत राही. व्हरांड्याच्या फरशीवर तिचा नवरा बसप्पा जेवत होता. एकोणीस उन्हाळे त्यानं ही दोरी ओढली होती, आणि रोज दुपारी तो जेवेपर्यंत ती इरम्माच्या हातात असे.

“कोण थांबत न्हाय?”

“समिंदर. सिदूनं लिवलंय. पोस्टातल्या बाबूनं वाचून दावलं.”

बसप्पाचा घास तसाच राहिला.

“मग वढतंय कोण?”

“आता बघा! तुमच्याच धंद्याचं हाय, तुमीच सांगा.”

तो हसला नाही. जेवण होईस्तोवर भिंतीच्या भोकाकडं बघत राहिला.

सिदू, म्हणजे सिद्धेश्वर, त्यांचा एकुलता एक. सोलापूरच्या बोर्डिंगात राहून शिकला. तिथले मास्तर रत्नागिरीला नव्या निघालेल्या कॉलेजात गेले आणि त्याला सोबत घेऊन गेले. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो, असं त्यानं लिहिलं होतं. चैत्रात परीक्षा झाली की मास्तर त्याला पुण्याला धाडणार होते. त्याआधी दोघांनी एकदा यावं, दोन दिवस राहावं, रविवारी सुट्टी असते तेव्हा तो त्यांना पाण्यापाशी नेईल.

संध्याकाळी इरम्मानं जमिनीवर चिंचोके मांडले. एक चिंचोका शुक्रवारचा. निजाम सरकारच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी. दुसरा रविवारचा. तिकडं इंग्रजाच्या मुलखात सुट्टी रविवारी. मधे शनिवार एकटाच उभा राहिला. परतीचे सोमवार, मंगळवारही मांडले.

“शुक्रवारी सोलापूर,” ती म्हणाली. “कुर्डुवाडीला सिदू येतो म्हणतोय. तिथनं लहान गाडीनं मिरज, मग कोल्हापूर, मग घाटातनं मोटार. शनवारी दिवं लागायला पोचतो. रईवार सारा समिंदराचा.”

“आन् चार दिस दोरी कोण वढंल?”

उत्तर पेशकार बलभीमरावांकडं होतं. कचेरीतला सगळा कागद त्यांच्या हातून जाई.

“उन्हाळ्यात सुट्टी?” ते म्हणाले. “मागं ताप आला तेव्हा तू हरिबाला बसवलंस. गड्यानं असे हिसके मारले की अर्ध्या तालुक्याच्या दरखास्ती उडून अंगणात गेल्या! शेळीनं खाल्ली एक.”

“व्हय सरकार. पर लेकरानं बोलिवलंय.”

पेशकारांनी कान खाजवला. “तुझी बायको दुपारी ओढते. तिचा हात तुझ्यासारखाच आहे, साहेबांना कळतसुद्धा नाही. तिला बसव. हजेरी तुझ्या नावावर. तू जाऊन ये.”

म्हणजे एकच जण.

“तुमी जावा,” इरम्मानं लगेच सांगून टाकलं. “तुमाला बघायचं हाय कोण वढतंय ते. म्या पाण्याला काय करू? हिरीत लई पाणी बघितलंय.”

पण दुसऱ्या दिवशी पहाटे कडक भाकरीचं दळण मांडल्यावर जात्यावर तिचा आवाज लागला, आणि अंथरुणात पडल्या पडल्या बसप्पा ऐकत राहिला:

जातं फिरं घरघर, पीठ सांडं भवताली
लेकाच्या त्या गावातली, लाट दारापाशी आली

शुक्रवारी कचेरी बंद. ती त्याला गाडीत बसवून द्यायला सोलापूरपर्यंत निघाली. हद्दीवरच्या तामलवाडीच्या नाक्यावर मोटार थांबली. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई गाठोड्याला हात घालू लागला, तसं बसप्पानं ते पोटाशी धरलं.

“भाकरी हाय जी. कडक. चुरा हुईल.”

“सोन्याची असल्यासारखा धरतोस की!” शिपाई म्हणाला आणि पुढं गेला.

सोलापूरच्या फलाटावर गाडी लागली, तेव्हा बसप्पा बायकांच्या डब्यापाशी थांबला. तिकीट त्यानं इरम्माच्या मुठीत कोंबलं.

“चढ.”

“अवो, हा बायकांचा डबा हाय.”

“म्हणूनशान तर. तिकिटावर बाप्या का बाई काय लिवलेलं नसतंय.”

“खुळं का काय तुमी! माझ्या अंगावरचं एवढंच लुगडं...”

त्यानं गाठोड्याची गाठ सैल केली. भाकरीच्या चवडीखाली तिचं इरकल लुगडं होतं, लेकाच्या बारशाचं, घडीवर घडी बसवलेलं. त्याचं धोतर नव्हतंच.

“कवा ठिवलं?”

“तू हिरीवर गेलतीस तवा.”

शिट्टी झाली. डब्यातल्या एका म्हातारीनं तिचा दंड धरून आत ओढलं. खिडकीतून तिचं तोंड दिसलं, रडवेलं आणि रागावलेलं.

“म्या काय बघू तिथं? मला सांगाया येतंय का!”

“नीट बघ,” गाडीबरोबर चालत तो म्हणाला. “कोण वढतंय तेवढं बघ.”

शनिवारी त्याला दोरीपाशी बघून पेशकार चष्म्यावरून पाहत राहिले. रविवारी कचेरी भरलेली होती. बसप्पा दोरी ओढत होता आणि आत कागद सळसळत होते. आता ती पाण्यापाशी असंल, असं त्याच्या मनात आलं. दुपारी दोरी धरायला कुणी नव्हतं. भाकरी फडक्यातच राहिली.

बुधवारी दुपारी इरम्मा आली. घरी न जाता सरळ व्हरांड्यात. पायांवर घाटातली तांबडी धूळ होती. त्याच्या हातातून दोरी घेतली आणि फडकं त्याच्याकडं सरकवलं.

“लेकरू?” त्यानं विचारलं.

“बरं हाय. वाळलंय वाईच. तुमच्यावानीच मुंडी हलवतंय.”

त्यानं भाकरी मोडली.

“कुणी न्हाय तिथं,” तीच म्हणाली. “दोरी बी न्हाय. म्या लई बघितलं. सिदू हसाया लागला, तरी बघितलं.”

“मग?”

तिनं डोळे मिटले आणि पाण्यापाशी पाहिलं तशी दोरी ओढली. नेहमीसारखी नव्हे. लांब, अगदी लांब, खांद्यापासून. मग थांबली, जणू कुणी श्वास धरला. मग हळूहळू सोडली, पुन्हा मागं घेतली.

आत टेबलावरचे कागद एकदम उचलले गेले आणि एकेक करून खाली बसले. पेशकारांनी मान वर केली. लिहिणारे कारकून थांबले. भिंतीच्या भोकातून गार वारा व्हरांड्यापर्यंत आला.

बसप्पा घास हातात धरून बसला होता. एकोणीस उन्हाळ्यांत पंख्याचा वारा त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच लागत होता.