मांदेलीला मधली तुकडी नसते

माझ्या धाकट्या भावाचं नाव रावसाहेब. आमच्या घरातली पहिली चूक तिथेच झाली. पाळण्यात असल्यापासून ज्याला सगळे रावसाहेब म्हणतात, त्याच्या ताटात शेपटीची तुकडी वाढायची कुणाची हिंमत होणार?

दर रविवारी आमच्याकडे एक मोठं पापलेट येतं. बाबा बेलापूर पट्टीतल्या कारखान्यात फिटर आहेत. हप्ताभर डबा खाऊन ते कंटाळतात, म्हणून रविवारी पापलेट. मग सोमवारपासून पातळ डाळ, कारण बाजाराचे निम्मे पैसे त्या पापलेटानेच खाल्लेले असतात! मधल्या दोन जाड तुकड्या बाबांना आणि रावसाहेबाला. शेपटी मला. डोकं आजीला, तिला म्हणे चोखायला आवडतं. आणि आईला कालवण. नुसतं कालवण. ती सगळ्यांचं झाल्यावर बसते, तेव्हा पातेल्यात दुसरं काही उरलेलंच नसतं.

"असं का?" मी एकदा विचारलं होतं.

"असंच असतं गो," आजी म्हणाली.

पण गेल्या आठवड्यात मी खो-खोच्या सरावात खांबाकडे झेप घेतली आणि डोळ्यांपुढे अंधार येऊन सरळ मातीत आपटले. मी! पळताना जिला वर्गातल्या एकाही मुलीला कधी शिवता आलं नाही, ती मी. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली.

"रक्त कुठे ठेवून आलीस? टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. लाल माठ खा, नाचणी खा, गूळ-शेंगदाणे खा. छोटे मासे काट्यासकट चावून खा. आणि पोटभर खा."

खेळाच्या सरांनी तर सरळच सांगितलं, "वैजयंती, महिन्याने बाई परत येतील. त्या हो म्हणाल्या तर ठाण्याच्या स्पर्धेला तू. नाहीतर तुझ्या जागी दुसरी."

माझ्या जागी दुसरी? हॅट्!

घरी येऊन सगळं सांगितलं. आजी म्हणाली, "पोरींना कसलं आलंय रक्तबिक्त. ते हुंदडणं सोड, आपोआप बरं वाटेल." बाबा म्हणाले, "टॉनिक आणू एखादं." आई भाकरी थापत राहिली. मी तिच्यासमोर बसले आणि डॉक्टरीणबाईंसारखी तिची पापणी खाली ओढली.

आतून पांढरीफटक. माझ्यापेक्षा पांढरी.

"सोड गं, पिठाचे हात आहेत माझे," ती म्हणाली.

त्या रविवारी बाबांना सकाळचा ओव्हरटाइम होता. जाताना माझ्या हातात पैसे दिले. "वाशीगावातनं आण. मोठं बघून घे."

बाजारात धोंडूबाईने मला लांबूनच ओळखलं. आम्ही तिचं कायमचं गिऱ्हाईक.

"ये गो पोरी! ह्या बघ, तुज्या बापसासाठी ठेवलाय पापलेट. कसा चकाकतोय!"

पापलेट खरंच झकास होतं. पण त्याच्या बाजूला ओल्या फळीवर मांदेलीचे वाटे लावले होते. बोटाएवढे सोनेरी मासे, सगळे ढीग सारखे. मी बघतच राहिले. या माशाला मधली तुकडी काढणार तरी कुठून?

"मावशी, मांदेली कशी दिली?"

"मांदेली? आनि पापलेट कोन नेनार? बापूस ओरडंल ना गो!"

"ओरडू दे. तीन वाटे घाल."

"लय शानी झालीस," ती हसली आणि वर मूठभर टाकली. पापलेटाच्या पैशात मांदेली आली, लाल माठाच्या जुड्या आल्या, नाचणीचं पीठ आणि शेंगदाणेही आले. पिशवी इतकी जड की दोन वेळा हात बदलला.

घरी आईने पिशवीत डोकावलं. "वैजू, पापलेट?"

"नाही आणलं. तू मसाला लाव, मी तळते."

बाबा आल्यावर मी पाचही ताटं एकदम मांडली. धोंडूबाईसारखे वाटे लावले, सारखेच्या सारखे. शेजारी माठाची भाजी आणि नाचणीची भाकरी.

"ताई, माझी तुकडी कुठाय?" रावसाहेब.

"मांदेलीला मधली तुकडी नसते, रावसाहेब. खा."

आजीने आपल्या ताटातले मासे त्याच्याकडे सरकवले. मी उचलून परत तिच्या ताटात ठेवले.

"आगाऊ झालीय ही!" आजी.

बाबांनी हात आखडला. "पापलेट मिळालं नाही?"

मी मिळालं नाही म्हणाले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"मिळत होतं. मी घेतलं नाही."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता." मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "बाबा, मला स्पर्धेला जायचंय. शेपटी खाऊन खांब गाठता येत नाही. आणि माझं सोडा, आईची पापणी बघा एकदा."

"काहीतरीच," आई म्हणाली. ती अजून उभीच होती, हातात पळी घेऊन. "तुम्ही जेवा, मी मागून बसते."

"मागून नाही. आत्ता. तू बसल्याशिवाय मी पण जेवणार नाही, मग खुशाल दुसरीला पाठवा ठाण्याला."

बाबांनी मान वर केली. आईकडे बघितलं, बराच वेळ. ती पदर चाचपायला लागली. मग ते जरासे सरकले आणि भिंतीजवळ जागा केली.

"बस," ते म्हणाले.

आई बसली. तिने एक मांदेली उचलली आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत कुरकुर चावून खाल्ली. मग दुसरी. कुणाकडे न बघता तिसरी. मी तिला मासा असा कधी खाताना बघितलंच नव्हतं.

"पुढच्या रविवारी मात्र पापलेट," बाबा ताटात बघत पुटपुटले. "मी स्वतः आणीन."

"आणा की. चिरणार मी. उभं चिरणार, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळ्यातलं सगळ्यांना."

"उभं? असं कोण चिरतं पापलेट?"

"मी," म्हटलं आणि भाकरी मोडली.