अनुभवी मासा

बाबा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात होते. मासा किती दिवस बर्फात निजलाय, ते त्यांना नुसत्या वासावरून कळायचं. पण पाहुणे म्हणून गेल्यावर नाक मुरडणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी घरापुरते दोन शब्द काढले होते. ताजा मासा तो 'नवखा', शिळा तो 'अनुभवी'. यजमानीण कौतुकासाठी कान टवकारून उभी असे, बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणत, "फार अनुभवी आहे हो," आणि लेकीला हसू फुटू नये म्हणून आई टेबलाखालून तिला चिमटा काढी.

बाबा उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून 'भूक लागली' हे शब्द आईच्या तोंडून आले नव्हते. वाढलं की चार घास खायचे आणि ताट सरकवायचं, एवढंच. शेवटी लेकीने तिला बंदरावरच्या त्या महागड्या हॉटेलात आणलं. त्याच्यासमोरून जाताना बाबा दरवेळी "एकदा जाऊ" म्हणायचे.

टेबलावर काटे-चमचे इतके होते की आईने ते दुसऱ्याचं सामान असावं तसे बाजूला सारले. परातीएवढ्या बशीत मधोमध बोटभर मासा आला. लेकीला वास आला आणि तिचा जीव खट्टू झाला. तक्रार करावी तर आई लगेच "राहू दे, घरी जाऊ" म्हणणार. टायवाले मॅनेजर वाकून उभे होते. आईने घास घेतला, सावकाश चावला. टेबलाखालून चिमटा आला.

"फार अनुभवी आहे हो," आई म्हणाली.

मॅनेजर फुलून गेले. हीच पावती घेऊन ते शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथल्या बाई तोच मासा मागवण्याच्या बेतात होत्या. मॅनेजरांच्या पाठीमागून आईने त्यांच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. बाईंनी मेनू मिटला आणि नुसतं सूप मागवलं.

आईने मॅनेजरांना परत बोलावलं. अगदी भोळ्या चेहऱ्याने विचारलं, "काही नवखं मिळेल का?"

मॅनेजर दुखावले. "नवखं?" ते म्हणाले. "नाही बाई. आमच्याकडे सगळं अनुभवीच असतं."

आईने नॅपकिन तोंडावर दाबला. खांदे गदगदायला लागले. मॅनेजर पाणी आणायला धावले. हसू ओसरल्यावरही खांदे थोडा वेळ हलतच राहिले, तेव्हा लेक खिडकीबाहेरच्या बोटी बघत बसली.

"चल," नॅपकिनची नीट घडी घालत आई म्हणाली, "बाहेर कोपऱ्यावर उकडलेली अंडी होती. मला भूक लागलीय."

लेकीने घाईघाईने पर्स उचलली. दारात आईने तिला आणखी एक चिमटा काढला, कारण मॅनेजर निरोप द्यायला मागोमाग येत होते आणि पुन्हा यायचं आग्रहाने सांगत होते.